माननीय ०एक्स८००७००३५ साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. ०एक्स८००७००३५ साहेब,
ऊर्फ ‘द नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’,
मुक्काम पोस्ट आमच्या लेकीचा लॅपटॉप, बोरिवली (पूर्व).



रात्रीची जेवणं आटोपली की आपण न बोलावता आमच्या घरी येता, पांढऱ्या चौकटीत उभे राहता आणि ‘डायग्नोज’ नावाचं बटण अदबीने पुढे करता. ते दाबलं की एक रेघ थोडा वेळ इकडून तिकडे धावते आणि शेवटी अडचण ओळखता आली नाही असं कळतं. आपण एवढे कष्ट घेता, त्याबद्दल आधी मनापासून आभार.

आमच्या घराचा भूगोल आपल्याला पाठ आहे. तरी हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय म्हणून सांगते. हॉलमध्ये नानांचा डेस्कटॉप आहे. नाना म्हणजे माझे सासरे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे सुरक्षा अपडेट थांबले आणि हे यंत्र विंडोज ११च्या अटींत बसेना. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, प्रोसेसर जुना. बाकी धडधाकट. ते भंगारात द्यायला नाना तयार नव्हते आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यावर लिनक्स मिंट घातलं. आता ते पूर्वीपेक्षा चपळ चालतं.

त्यात सोसायटीचे ठराव आहेत, मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाची कागदपत्रं आहेत, पुनर्विकासाच्या सभांची इतिवृत्तं आहेत, गुहागरकडच्या जमिनीचे सातबारे आणि फेरफार आहेत. आतल्या खोलीत लेकीचा विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप. नानांची नजर आता अधू झाली आहे. ते सांगतात आणि ही टाइप करते, असा त्या दोघांचा कारभार. मध्ये चार इंची भिंत आहे. त्या भिंतीपलीकडे जायला वाटच सापडत नाही, असं आपण छातीठोकपणे सांगता.

साहेब, आपल्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला. वाट नाही म्हणालात, म्हणून वाट शोधत बसलो. आपल्यामुळे आम्हाला आमच्याच घरातल्या तारा, डबे आणि भिंती नव्याने कळल्या, हे मान्य करायलाच हवं.

पहिला शोध असा लागला की आमच्या एका घरात दोन जाळी आहेत. केबलवाल्याने दाराशी लावलेल्या डब्याची रेंज आतल्या खोलीत येत नाही, म्हणून दुसरा राउटर घेतला होता. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कितीतरी घरांत हेच आहे. पहिला डबा १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते वाटतो, दुसरा १९२.१६८.०ने. लॅपटॉपने नावाने मारलेली हाक दुसऱ्या राउटरच्या बाहेर पडतच नाही. नाव सोडून डेस्कटॉपचा आकडी पत्ता टाकला तर ती पोचते. उलट दिशेने मात्र, हॉलमधून आतल्या खोलीत, नावानेही नाही आणि आकड्यानेही नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाकला आणि दोन्ही यंत्रं एका जाळ्यात आली. हे सगळं आपण एका शब्दानेही सुचवलं नाहीत. आमची बुद्धी वापरात राहावी म्हणूनच, यात शंका नाही.

आपण त्यानंतरही आलात. तेव्हा डेस्कटॉपची फायरवॉल आड होती. नानांनी सावधगिरी म्हणून ती चालू केली होती. त्यात सांबाला, म्हणजे लिनक्सवरच्या फायली विंडोजला पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरला, परवानगी देणारी एक ओळ घालायची असते, ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ सांबा’. ती घातली. कारण पूर्ण वेगळं होतं आणि आपला चेहरा मात्र तोच. एवढी स्थितप्रज्ञता आम्ही कीर्तनात ऐकली होती, प्रत्यक्षात आपल्यामुळे पाहिली.

नंतर राउटर बंद-चालू झाला आणि डेस्कटॉपचा पत्ता बदलला. पुन्हा आपण. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवला. तेवढ्यापुरते गेलात.

एका गोष्टीत आपण निर्दोष आहात, तेही सांगते. नाना फायलींना नावं मराठीत आणि सविस्तर देतात. ‘सभा: १२ जुलै, ठराव मंजूर?’ अशी. लिनक्सला ती चालतात, कारण तिथे नावात फक्त तिरपी रेघ वर्ज्य. विंडोजला नऊ चिन्हं चालत नाहीत आणि त्यांत विसर्गासारखी दिसणारी ती दोन टिंबं आहेत, प्रश्नचिन्हही आहे. मग सांबा त्या फायलीला टिल्ड घातलेलं, अर्थ न लागणारं इंग्रजी अक्षरांचं नाव देऊन पुढे करतो. लेकीला वाटलं फायली बिघडल्या. नानांनी टिंबांऐवजी आडवी रेघ वापरायला सुरुवात केली, प्रश्नचिन्ह सोडून दिलं आणि नावं जशीच्या तशी दिसू लागली. त्यात आपला हात नव्हता.

आता आपल्या भाऊबंदांबद्दल. त्यांतले एक फारच खानदानी. आपण सुट्टीवर असलात की ते येतात आणि सांगतात की तुमच्या संघटनेच्या सुरक्षा धोरणानुसार अनोळखी पाहुण्यांना प्रवेश नाही. ‘युवर ऑर्गनायझेशन’! साहेब, आमच्या आसपास एकच संघटना आहे, सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. तिचे सेक्रेटरी हॉलमध्ये बसले आहेत. असा ठराव कोणत्याही सर्वसाधारण सभेत झालेला नाही, हे ते इतिवृत्त दाखवून सांगायला तयार आहेत.

पण त्या भाऊबंदांचे उपकार मानायला हवेत. त्यांच्या तोंडून निदान ‘पाहुणा’ हा शब्द निघाला आणि खरी गोष्ट कळली. मिंटमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करून शेअर केलं आणि पाहुण्यांना मुभा दिली, तर आत जाताना पासवर्ड लागत नाही. अशा जोडणीत निरोपांवर सही होत नाही, ते कूटबद्धही होत नाहीत. समोरचं यंत्र खरोखर नानांचंच आहे की मध्ये कुणी तोतया बसलाय, हे लॅपटॉपला कळायचा मार्ग नसतो. म्हणून २०२४च्या २४एच२ अपडेटपासून विंडोज ११ प्रो अशा पाहुणचाराला मुळातच नकार देतं आणि सहीचा आग्रह धरतं. हा नकार योग्य आहे. मला तो हवा आहे. माझ्या घरात सातबारे आहेत.

उपायही लहानसा निघाला. लिनक्सवरच्या खात्याचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी’, मग उणे ए, मग नानांचं खात्याचं नाव, एवढं लिहून सांबासाठी स्वतंत्र पासवर्ड ठरवायचा. शेअरवरची पाहुण्यांची मुभा काढायची. लॅपटॉपवर तेच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा. फोल्डर उघडतं, सही होते, आणि दार कुणासाठीही सताड उघडं राहत नाही.

हे कळायला आपल्या भाऊबंदाची मदत झाली, आपली नव्हे. कारण हाच नकार कधी कधी ते स्वतः न देता आपल्या तोंडून वदवतात. पाहुणा म्हणून नाकारायचं आणि सांगायचं, वाट सापडली नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने ‘परवानगी नाही’ म्हणण्याऐवजी ‘अशी बिल्डिंगच इथे नाही’ म्हणावं, तसं.

आणि आपण हे अज्ञानाने करत नाही, याचा पुरावा मला आपल्याच घरात मिळाला. लॅपटॉपमधल्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये खोल आत ‘एसएमबीक्लायंट’ नावाचा विभाग आहे. त्यात ‘सिक्युरिटी’ नावाची नोंदवही आहे. तिथे ३१०१७ क्रमांकाची नोंद सापडली. असुरक्षित पाहुणा म्हणून जोडणी नाकारली, असं स्वच्छ लिहिलेलं, नानांच्या डेस्कटॉपच्या नावासकट. म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक होतं. खरं कारण आपण खासगी वहीत नोंदवलंत आणि नानांच्या तोंडावर सांगितलंत की वाट नाही. आपल्या या दुहेरी हिशेबाला काय म्हणावं, ते मी सोसायटीच्या ऑडिटरना विचारणार आहे.

आपल्या घराण्याचा इतिहासही आपल्या निमित्ताने वाचला. फायली वाटून घेण्याची ही बोली, एसएमबी, १९८३मध्ये आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी घडवली. पुढे ती विंडोजची झाली. १९९१च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजल नावाचा पीएचडीचा विद्यार्थी तारांमधून जाणारे निरोप पाहून ही बोली उलगडत बसला. समोर नियमावली नव्हती. त्यातून सांबा उभा राहिला. मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रं सांबाच्या मंडळींच्या हाती आली ती २००७च्या डिसेंबरात, युरोपियन कमिशनचा खटला वरच्या न्यायालयात टिकल्यानंतर आणि १० हजार युरो भरून. इतकी वर्षं कागदाविना, दोन अनोळखी यंत्रांना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून लोक राबले. त्यांच्या कष्टांवर आपण दोन ओळींत बोळा फिरवता.

पवईला आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ सुरू झालं. तिथे लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात, एकेक आज्ञा सावकाश उच्चारून, पडद्यावर करून दाखवत. नानांनी त्यातूनच टर्मिनल उघडायला शिकून घेतलं. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाला समजेल असं सांगता येतं, साहेब. सांगायची इच्छा लागते.

आता थोडं कडू लिहिते, रागावू नये. आपल्या मौनाचं बिल शेवटी कोण भरतं, हे आपल्याला कळायला हवं.

पासवर्डचा उपाय सापडण्याआधी लेकीने कंटाळून लॅपटॉप स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाचा हेतू चांगला होता आणि हात चपळ. त्याने चार गोष्टी केल्या. एसएमबी १, म्हणजे त्या बोलीची जुनी आवृत्ती, चालू केली. फायरवॉल बंद केली. पाहुण्यांवरची बंदी उठवली. सहीची सक्ती काढून टाकली. घरी आल्यावर फोल्डर उघडलं. घरात आनंद झाला, दुकानदाराला दुवा मिळाली. प्रत्यक्षात ते उघडलं शेवटच्या दोन बदलांमुळे. पहिल्या दोहोंचा काही संबंधच नव्हता. नानांच्या डेस्कटॉपवरचा सांबा एसएमबी १ बोलतच नाही, २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून ती बोली तिथे मुळातच बंद आहे. पण चारही कवाडं उघडी राहिली आणि तो लॅपटॉप घेऊन लेक कॉलेजच्या वायफायवर बसू लागली.

त्या मुलाला दोष देत नाही. कारण माहीत नसलं की माणूस दिसेल ती कडी काढत सुटतो. त्याला कारण न सांगणारे आपण.

उघड्या एसएमबी १चा अर्थ मुंबईकरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. त्या जुन्या बोलीतल्या एका भोकाचा उपाय १४ मार्च २०१७ला उपलब्ध झाला होता. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. मग २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेला, आणि कंपन्यांच्या आतल्या जाळ्यांत पसरायला त्याने जे मार्ग वापरले त्यांत एक हेच भोक. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रं बसली. त्याच समूहाचं एक टर्मिनल खाडीपलीकडे न्हावा शेव्याला आहे, जवाहरलाल नेहरू बंदरात. तिथलं काम ठप्प झालं, कंटेनर हाताने नोंदवायची वेळ आली. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनीच दावोसला सांगितलं की ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

बोरिवलीतल्या लॅपटॉपने न्हावा शेवा बंद पडलं असं मी म्हणत नाही. पण अशी भोकं जगात शिल्लक राहतात ती ज्यांनी ‘चालतंय ना, मग असू दे’ म्हटलं त्यांच्यामुळे. आणि त्यांना तसं म्हणायला लावतो तो आपला खोटा निरोप. विंडोज १०मधून एसएमबी १ २०१७च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून आपोआप येणं थांबलं. ते पुन्हा हाताने चालू करणारे घरोघरी आहेत, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही की अडचण ती नव्हती.

दुसरा तोटा मी रोज पाहते. वाट नाही म्हटल्यावर माणसं गप्प बसत नाहीत. सोसायटीच्या सभासदांच्या याद्या, पॅन कार्डांच्या प्रती, सातबारे, सगळं व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलने परदेशातल्या सर्व्हरवर जातं आणि चार इंची भिंतीपलीकडे परत येतं. नानांनीही तसं सुचवलं तेव्हा मला वाईट वाटलं. ज्या माणसाने कागद जपण्यात वर्षं घालवली, त्याला स्वतःच्याच घरात कागद सुरक्षित पोचवता येत नाहीत, आणि त्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. त्यांना जमत होतं, साहेब. आपण सांगत नव्हता.

तेव्हा आता दोन्ही हात जोडून आणि खरंच मनापासून मागते. नाव सापडलं नसेल तर तसं म्हणा. यंत्र सापडलं पण ४४५ क्रमांकाचं दार बंद असेल, तर तसं म्हणा. समोरचा एसएमबी १च बोलत असेल तर ते सांगा. पाहुणा म्हणून नाकारलं असेल तर ‘पासवर्डचं खातं काढा’ एवढं तरी सांगा. हे सगळं आपल्या वहीत आधीपासून लिहिलेलं असतं. ते फक्त पडद्यावर आणायचं आहे. मराठीत आलात तर अधिकच आनंद, पण आधी खरं बोला. मराठीतून ‘वाट सापडली नाही’ ऐकून आमचं काही भलं होणार नाही.

नाना आपल्याला सोसायटीच्या पुढच्या सभेचं निमंत्रण धाडणार होते. मी थांबवलं. हजेरीपटावर आपण काय कारण लिहाल, याची मला खात्री नाही.

कळावे, लोभ असावा, पण आमच्या घराबाहेर.

आपली,
सेक्रेटरींची सूनबाई, बोरिवली (पूर्व)

ता. क. हे वाचकांसाठी. विंडोजच्या शोधपट्टीत ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ लिहा आणि यादीत ‘एसएमबी १.०’ पाहा. खूण असेल, आणि ते लागणारा जुना प्रिंटर किंवा डिस्क घरात नसेल, तर खूण काढा. लॅपटॉप नुकताच दुरुस्त होऊन आला असेल तर फायरवॉल चालू आहे का, तेही पाहा. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स घातलं असेल तर सांबाला पासवर्डचं खातं आजच काढून द्या. शेजारी कुणी आजी-आजोबा हाच खेळ एकट्याने खेळत असतील, तर त्यांच्याकडे जाऊन हे करून द्या.